शंकेची टोपली

आमच्या वखारीत पितळ आणि गनमेटल निवडणारी बाई कातकरी होती आणि लिहिता-वाचता येणारा मी होतो. माझा सगळा गुन्हा या एका वाक्यात आला आहे. पण एका जोरदार वाक्यात सगळं सांगून मोकळं व्हायची मला जुनी खोड आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

वखार पनवेलला खाडीच्या अंगाला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होती. मी तिथे लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. शेठना मुंबईच्या कारखान्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला मॅट्रिक झालेला माणूस हवा होता आणि मला हवे होते कामगार. मी पत्रकांवर वाढलेला. वडिलांच्या ट्रंकेत चलेजावच्या दिवसांपासूनची पत्रकं होती, कुठली सायक्लोस्टाइल केलेली, कुठली पतंगी कागदावर छापलेली. अंकलिपीनंतर मी दुसरं काही वाचलं असेल तर तेच. त्यात आद्य क्रांतिकारकाचं गाव शिरढोण चालत जाण्याच्या अंतरावर, आणि शाळेतले मास्तर त्या गावाची आठवण दिल्याशिवाय इतिहासाचा तास सुरूच करत नसत. बंड करायचं हे माझं ठरलेलं होतं. कुणाविरुद्ध, एवढंच ठरायचं होतं.

वखारीचं काम बाहेरून दिसे तसं नुसतं मोडतोड विकत घ्यायचं नव्हतं. घरोघरची फुटकी भांडी बोहारणींकडून येत. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचींची झिजलेली बुशं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या कड्या, आणि नळ येत. लढाईत उरलेल्या सामानाचे लिलाव अजून कुठे कुठे चालू होते, तिथून पेट्याच्या पेट्या येत. हा सगळा माल निवडून वेगवेगळे ढीग लागायचे. मग भट्टीवर मुशीत तो वितळवून त्याच्या लगडी ओतायच्या आणि त्या लगडी मुंबईच्या कारखान्यांना जायच्या. तिथे त्यांचे व्हॉल्व्ह होत, पंपांची बुशं होत. त्या दिवसांत बाहेरून तांबं आणि कथील आणायला परवाना लागे आणि तो लवकर मिळत नसे. म्हणून मोठे कारखानदारही आमच्यासारख्यांच्या दारात येत. त्यांची अट एकच होती. गनमेटल म्हणून दिलेल्या लगडीत तांबं, कथील आणि थोडं जस्त असावं, भलतं काही नको.

हे भलतं काय ते ओळखायचं काम त्या बाईचं. सगळे तिला बाय म्हणत, मीही म्हणे. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. डोंगराच्या कडेला त्यांची वाडी होती. नवरा नव्हता, मुलगी वीटभट्टीवर काम करणाऱ्या घरात दिली होती. ती फरशीवर पाय पसरून बसे, एक तुकडा उचलून शेजारच्या दगडावर आपटे, आवाज ऐके, आणि तुकडा बरोबर त्याच्या ढिगावर जाऊन पडे. कधी कानस एकदा फिरवून आतला रंग बघे. शंभरातल्या नव्वद तुकड्यांना तिला तेवढंही लागत नसे.

उरलेले तुकडे ती कुठल्याच ढिगात टाकत नसे. त्यांची एक वेगळी टोपली होती. तिला वखारीत शंकेची टोपली म्हणत. संध्याकाळी पाचला घंटा झाली की बाकीच्या बाया हात धुऊन निघत आणि बाय ती टोपली उचलून भट्टीपाशी जाऊन बसे. भट्टीवर एक म्हातारे मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते आणि बाय मिळून तासभर एकेका तुकड्यावरून भांडत.

"ये गनमेटल है, लिखके देता हूँ," चाचा म्हणत.

"तुमाला लिवता येतं का चाचा?"

"नाही येत."

"मंग कशाला शेंड्या लावताव? इस्तवात घाला."

मग चाचा तुकड्याचा कोपरा तोडून लहानशा मुशीत टाकत आणि दोघं त्यावर वाकून बघत. मी हे लांबून, टेबलावरून बघत असे. मला त्यात एकच गोष्ट दिसली. घंटेनंतरचा तास. त्या तासाची मजुरी बायला मिळत नव्हती.

मी तिला विचारलं नाही. चाचांना विचारलं नाही. मी पत्रक लिहिलं. "चोरलेला तास" असं त्याला नाव दिलं आणि बाजारातल्या छापखान्यात स्वतःच्या खर्चानं गुलाबी कागदावर छापून घेतलं. त्यात एक वाक्य होतं, 'कष्टकरी मातेच्या घामाचा हा तास कोणाच्या तिजोरीत जातो?' त्या वाक्याचा मला इतका अभिमान होता की ते मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. शनिवारच्या गर्दीत मी पत्रकं वाटली. एक बायलाही दिलं. तिनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "कागूद ब्येस हाय. रंगाचा हाय."

शेठ फटकळ होते पण मनानं वाईट नव्हते. सोमवारी ते पत्रक हातात घेऊनच आले. मला वाटलं आता हाकलणार, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो. ते म्हणाले, "काय पत्रकवाले, माझ्या मीठ-भाकरीवर शाई वाळवलीत वाटतं? बरोबर लिहिलंय. तास फुकटच जात होता. आजपासून घंटा झाली की सगळे बाहेर. बायसुद्धा. भट्टीसुद्धा."

"त्या तासाचे पैसे द्या आणि ठेवा," हे तेव्हा म्हणायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही. मी जिंकलो होतो.

बाय माझ्याकडे आली. "मास्तर, टोपलीचं काय?" मला ती मास्तर म्हणे.

"टोपलीचं शेठ बघतील. तू पाचला घरी जा. तो तुझा हक्क आहे."

"त्यो तास माजा होता," ती म्हणाली. "भट्टी दिसाची मोकली नसते. समदा माल उतरला का मंग चाचा माज्यासाटी इस्तव ठेवतान. त्या टायमालाच मी शिकली. इतलल्यावं वर कोनाची साय कशी येते ती तवाच दिसते."

मी तिला हक्क म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती ऐकत उभी राहिली आणि शेवटी पदर खोचून निघून गेली.

टोपली भरत गेली. एक भरली, मग दुसरी लागली. दिवसा चाचांची मूस रिकामी होत नव्हती आणि पाचला भट्टी विझत होती. तीन आठवड्यांनी एका कारखान्याची गनमेटलची खेप थोडी कमी पडू लागली. ट्रक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरायचा होता. शेठ मला म्हणाले, "टोपल्यांचं काय करायचं ते तुमच्या पत्रकात लिहिलेलं दिसलं नाही. आता तुम्हीच बघा."

ते गमतीनं म्हणाले की रागानं, मला माहीत नाही. मला ते आव्हान वाटलं. एका बाईच्या कानावर चालणारी गोष्ट सुशिक्षित माणूस डोळ्यांनी करू शकतो, असं मला मनातून वाटत होतं. हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नसतं. बाया गेल्यावर मी टोपल्या उपड्या केल्या. त्यात लिलावातून आलेली एका जातीची बुशं होती, सोन्यासारखी पिवळी, कुठे डाग नाही, गंज नाही. माझ्या डोळ्यांना सगळ्या वखारीत त्यांच्याइतकं चांगलं काही दिसलं नाही. मी ती गनमेटलच्या ढिगात टाकली. बाकीचे तुकडेही रंग बघून इकडेतिकडे वाटले. टोपल्या रिकाम्या झाल्या. सकाळी चाचांनी ढीग मुशीत भरला. ढिगावरचा माल ते कधी तपासत नसत, कारण तो बायचा ढीग होता.

ती बुशं अॅल्युमिनियम घातलेल्या कांशाची होती. हे मला पुढे महिन्याभरानं कळलं.

त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे साहेब पनवेलचेच होते, बेने इस्रायली घरातले. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून घरी येत, शनिवार पाळत आणि रविवारी परत जात. एका रविवारी सकाळी ते वाटेत आमच्या वखारीत उतरले. पिशवीतून त्यांनी एका व्हॉल्व्हचं ओतीव धड काढलं, बाहेरून त्याला चुना फासला, आत रॉकेल ओतलं आणि ते शेठच्या टेबलावर ठेवलं. चहा आला. चहा संपायच्या आत पांढऱ्या चुन्यावर काळपट ठिपके उमटले, मग ते एकमेकांना मिळाले, आणि सगळी बाजू ओली दिसू लागली.

"भिंतीतून पाझरतंय," साहेब म्हणाले. "कुठे भोक नाही, चीर नाही, तरी पाझरतंय. तुमच्या लगडीत अॅल्युमिनियम गेलंय. अगदी चिमूटभर. गनमेटल बिघडायला तेवढं पुरतं. पूर्ण खेपेचे व्हॉल्व्ह असे झालेत."

शेठनी चाचांना बोलावलं. चाचांनी ते धड हातात फिरवलं, वास घेतला. "माल ढिगावरचा होता शेठ. ढिगात हे येणार नाही. ढीग बायचा."

"ढीग बायचा," शेठ म्हणाले.

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पेन धरून बसलो होतो. मला तेव्हाच समजलं होतं. पिवळी बुशं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तोंड उघडायला एका वाक्याचा वेळ लागला असता, आणि वाक्यं हा तर माझा धंदा होता. मी दौतीत पेन बुडवून पुसलं. पुन्हा बुडवलं. साहेब म्हणाले, "आम्हाला फाईलला लावायला एक पत्र द्या. चूक कशी झाली आणि पुढे काय करणार आहात," आणि ते मोटार पकडायला निघून गेले.

शेठ म्हणाले, "लिहा. निवडणारीच्या हातून चूक झाली, तिला त्या कामावरून काढलं, आता शिकलेला माणूस बसवला आहे. नीट इंग्रजीत लिहा."

शेठनी एवढंच सांगितलं होतं. अज्ञानी, निष्काळजी, हलगर्जी हे शब्द त्यांनी सांगितले नव्हते. ते माझे. त्याच पेनानं, त्याच झोकात लिहिलेले. कष्टकरी माता लिहिताना जसा हात धावला होता तसाच तो तेव्हाही धावला.

बायला लोखंडाच्या बाजूला पाठवलं. तिथे उन्हात डबे ठोकून चपटे करायचे, पिंपं ओढायची, काम हमालीचं. तिच्या जागेवर मी बसलो. मला अॅसिडची बाटली आणि एक छापील तक्ता मिळाला. बाकीच्या बाया माझ्याकडे बघून हसत. "मास्तर, आवाज आला का?" असं विचारत, कारण मी तुकडे दगडावर आपटून बघायचा प्रयत्न करत असे आणि मला सगळ्यांचा आवाज सारखाच येत असे.

जाताना बाय आपली कानसही माझ्यापाशी ठेवून गेली.

अकरा दिवस मी तसा बसलो. धीर झाला म्हणून मी बोललो असं लिहायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. मला काम येत नव्हतं आणि दुसरी खेप बिघडणार हे दिसत होतं. बाराव्या दिवशी दुपारी मी लोखंडाच्या बाजूला गेलो. ती एका पिंपाच्या सावलीत भाकर खात होती.

"बाय, ती टोपली मी ढिगात टाकली होती."

"मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या सकाली. टोपली पालथी होती. मी टोपली कवा पालथी ठेवत नाय."

"मग शेठना का नाही सांगितलंस?"

ती हसली, पण नीटसं नाही. "काय सांगू? तुमी लिवनारं मानूस. कागदावं आलं का त्ये खरं." मग तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मास्तर, त्या कागदात माजं काय लिवलं?"

पत्राची नक्कल माझ्या टेबलात होती. ती आणून मला तिला वाचून दाखवावी लागली, इंग्रजीतली ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. आयुष्यात मी सभेत बोललो आहे, दगड खाल्ले आहेत, पण तेवढं अवघड वाचन मी केलेलं नाही. अज्ञानी या शब्दावर ती भाकरीवरच्या माशा वारत राहिली. निष्काळजी म्हटल्यावर तिनं मान वर केली. हलगर्जी म्हणजे काय, असं तिनं विचारलं.

मी सांगितलं. काम मनावर न घेणारी.

"अडानी लिवलं त्ये लिवलं. आमी हावंच. पन हलगर्जी?" तिचा आवाज चढला. "पंधरा वर्सं झाली मास्तर. मी एक तुकडा अंदाजानं टाकला नाय. त्या टोपलीसाटीच तर मी मागं ऱ्हायची. मना हिकडं लोकंडात ठेवा, त्याचं काय नाय. त्यो कागूद काडा. थितं माजं त्ये नाव नको."

त्या संध्याकाळी मी शेठना सगळं सांगितलं. ते पान लावत होते. लावून होईपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं.

"मला शंका होती," ते म्हणाले. "बायच्या हातून हे होणार नाही हे मला कळत नाही? पण आता दुसरं पत्र पाठवून काय सांगू? पहिलं खोटं होतं म्हणून? त्यांना लगडी पाहिजेत, आपलं पोथीपुराण नको."

"मग मी स्वतः देतो."

"द्या. तुमच्याच नावानं द्या. वखारीचा शिक्का लागणार नाही."

रविवारी सकाळी मी साहेबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर मोटारीची वाट बघत बसले होते. मी पत्र दिलं. त्यात मी सगळं कबूल केलं होतं, आणि खरं सांगतो, ते छान लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"ती बाई परत जागेवर बसली का?"

"नाही अजून."

"मग हे मला कशाला आणलंस? तुझ्या मनावरचं ओझं मी वाहायचं का?" ते रागावले नव्हते, फक्त विचारत होते. मग त्यांनी माझ्याच पत्राच्या कोऱ्या भागातून एक पट्टी फाडली, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं की पुढची खेप जुन्या निवडणारीच्या हातची असेल तरच उतरवून घेऊ, आणि ती पट्टी शेठना द्यायला सांगितली. पत्र खिशात घातलं. "हे फाईलला लावीन."

"आणि पहिलं पत्र? ते काढून टाकाल?"

"आलेला कागद फाईलमधून जात नाही. दोन्ही राहतील. पहिलं वर, हे त्याच्या मागे."

ती पेन्सिलीची पट्टी बघितल्यावर शेठनी त्याच दिवशी बायला बोलावलं. ती लगेच बसली नाही. घंटेनंतरची भट्टी परत हवी म्हणाली. चाचा तिच्या मागे उभे राहून म्हणाले, "आणि तासाची मजुरी, दोघांची. पत्रकात लिहिलंय ना?" शेठनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि हो म्हटलं. माझ्या पत्रकानं जे करायला हवं होतं ते चाचांनी एका वाक्यात केलं, आणि त्यांना ते पत्रक वाचताही येत नव्हतं.

मी टेबलावर परत आलो. दुपारी बाय पाणी प्यायला जाताना माझ्यापाशी थांबली. हात पितळेनं हिरवट झाले होते.

"मास्तर, त्यो कागूद?"

"कुठला?"

"हलगर्जीचा. फाडला का त्यांनी?"

मी हो म्हणालो.

इतकी साधी गोष्ट होती. तिला म्हणता आलं असतं की तो तिथेच आहे, वरच आहे, माझी कबुली त्याच्या मागे टाचलेली आहे, आणि फाईल उघडणारा माणूस आधी हलगर्जी वाचेल, मग कंटाळा आला नाही तर पुढचं. पण तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून हो निघून गेलं. ती म्हणाली, "ब्येस झालं बग," आणि पहिल्यांदाच मला एकेरी बोलली. मग त्या आठवड्यात तिनं वाडीवरून माझ्यासाठी करांदे आणले, उकडलेले कंद, पानात बांधून. मी ते घेतले. खाल्ले.

याला चार वर्षं झाली. साहेब त्यांच्या घरच्यांबरोबर बोटीनं इस्रायलला निघून गेले. फाईल आता कोणाच्या हातात असेल मला माहीत नाही. मी वखार सोडली आणि लिहिण्यावर जगतो. बाय अजून तिथेच बसते. बंदराकडे गेलो की दगडावर तुकडा आपटल्याचा आवाज रस्त्यावर येतो, आणि मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो आहे. आता हे छापून येईल. तिला ते वाचता येणार नाही. वाचून दाखवायला मलाच जावं लागेल, आणि 'मी हो म्हणालो' इथे आल्यावर मला थांबता येणार नाही.